चौकशीचे घोडे

वणीत कुणाला काही घ्यायचं असलं की तो आधी नानांच्या मळ्यावर जातो. ट्रॅक्टर असो, म्हैस असो, लेकाला मोबाईल असो. नाना यातलं काही विकत नाहीत. घेतही नाहीत, हे विशेष. पण घेण्याआधी जे जे विचारायला हवं ते सगळं त्यांनी कधी ना कधी कुणाला तरी विचारून ठेवलेलं असतं. फ्रिज बघायला गेले की कॉम्प्रेसर कुठे बनतो इथून सुरुवात करतात आणि दुकानदाराच्या स्वतःच्या घरी कोणता फ्रिज आहे, तो बायकोच्या पसंतीचा की कंपनीने दिलेला, इथपर्यंत येतात. दुकानदार दोनदा चहा मागवतो, तिसऱ्यांदा फक्त स्वतःसाठी मागवतो. मग नाना उठतात, ‘विचार करून सांगतो’ म्हणतात आणि घरी येतात, तर फ्रिज स्वयंपाकघरात उभा असतो. माईंनी तो दुसऱ्या दुकानातून परस्पर आणलेला असतो. त्या घरातली भिंतीवरच्या घड्याळापासून गाडीपर्यंत प्रत्येक वस्तू नाना चौकशीला बाहेर गेलेले असताना आलेली आहे.

माणसांच्या बाबतीतही तोच कारभार. थोरलीला पाहायला मंडळी आली तेव्हा नानांनी पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. मुलाने पोह्यांचा पहिला घास घेतला आणि नाना म्हणाले, "रागावल्यावर जेवता की उपाशी झोपता?" मुलाने घास गिळला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "रागावण्याचं कारण काय आहे त्यावर." लग्न तिथेच ठरलं. जावई ऑडिटर निघाले. सासरे-जावई अजूनही एकमेकांशी तासन्‌तास बोलू शकतात. बाकी कुणी त्या खोलीत बसत नाही.

आता, द्राक्षवाल्याने चौकस असू नये असं म्हणायची माझी छाती नाही. दिंडोरी तालुक्यात बाग लावायची तर खालचा खुंट डॉगरिज आहे का, काडी कोणाच्या बागेतली, फवारणी कधी आणि कशाची, हे विचारावंच लागतं. माल युरोपला जायचा तर प्लॉटची नोंद ग्रेपनेटवर करावी लागते, औषधांच्या उरलेल्या अंशाचा अहवाल लागतो. तिकडच्या दुकानातली पेटी इकडच्या नेमक्या कोणत्या बागेतून आली हे मागे मागे जात शोधता येतं. नानांना ही व्यवस्था कायद्यासाठी नाही, अंतःकरणापासून आवडते. त्यांच्या मते देवाने जग ग्रेपनेटशिवाय निर्माण केलं, तिथेच घोळ झाला.

अशा माणसाला समुद्रघोड्याचं वेड लागलं.

निमित्त सिंगापूरच्या सहलीचं. ऑडिटर जावयांनी सासू-सासऱ्यांना नेलं होतं. तिथल्या मत्स्यालयात बाकीची मंडळी शार्क बघून, फोटो काढून जेवायला निघून गेली आणि नाना एका कोपऱ्यातल्या उभ्या काचेसमोर राहिले. आत गवताच्या काडीला शेपूट गुंडाळून वीतभर उंचीचा एक प्राणी उभा होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने एका डोळ्याने नानांकडे पाहिलं आणि दुसऱ्या डोळ्याने वरून येणाऱ्या खाण्याकडे. समुद्रघोड्याचे दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरतात, हे नानांना तेव्हा कळलं. "एक डोळा मालावर, एक दुकानदारावर," ते मला नंतर म्हणाले. आवाजात आदर होता. पुढे त्यांनी वाचून काढलं की या माशाला दात नाहीत, जठर नाही, पोहण्याचा वेग जवळपास नाहीच, आणि एक खुंट धरला की तो दिवसभर सोडत नाही. मळ्यावरच्या आरामखुर्चीत बसून ही माहिती ते सांगत होते तेव्हा माई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण खुर्चीकडे बघून हसल्या.

दुसऱ्या कुणीही आधी मासा आणला असता आणि मग टाकीचं बघितलं असतं. नानांनी आधी समुद्र केला.

वणीहून समुद्र म्हणजे सह्याद्री उतरून पलीकडे. कोजागिरीला देवीच्या गडावर नद्यांचं पाणी घेऊन कावडी येतात, तसं कुणीतरी डहाणूहून पाणी आणून देईल, असं मी सुचवलं. नानांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "किनाऱ्याच्या पाण्यात काय काय असेल याचा अहवाल आहे का?" अहवाल नव्हता. मग आरओचं पाणी, त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं खास मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅम. टाकी तीनशे लिटरची, म्हणजे पहिल्याच भरणीला साडेदहा किलो मीठ. टाकी लांबीपेक्षा उंचीला महत्त्व देऊन बनवून घेतली, कारण समुद्रघोड्यांची जोडी जमते तेव्हा दोघं शेपट्या गुंतवून उभेच्या उभे वर चढतात. त्यांना वर जायला जागा नसेल तर नराच्या पिशवीत अंडी पडायची ती खाली पडतात. हे सगळं नानांनी काचवाल्याला समजावून सांगितलं. काचवाल्याने जागा जास्त धरली आणि पैसेही.

पाण्याचा खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आला. द्राक्षवाल्याच्या खिशात हे यंत्र असतंच, रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे साखर, बघायला. दोन्ही यंत्रं दिसायला जुळी. तोडणी तोंडावर आली असताना मळ्यावरच्या गड्याने घाईत समुद्राचं यंत्र उचललं, द्राक्षाचा थेंब टाकला आणि डोळा लावला. ज्या यंत्राची पट्टी समुद्रासाठी आखलेली, त्याला सतरा-अठरा ब्रिक्सचा रस कसा झेपणार. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा पट्टीच्या वरच्या टोकाबाहेर गेली आणि आत सगळं पांढरंफटक. गडी धावत आला, "नाना, साखर मापाच्या बाहेर गेली, आजच तोडा!" व्यापारी बांधावरच उभा होता. त्याने हे ऐकलं आणि भाव वाढवला. नानांनी मात्र त्याला थांबवून दोन्ही यंत्रांतला फरक समजावून सांगितला. भाव परत खाली आला. माईंनी त्या दिवशी जेवायला वाढताना भांडी जरा जोरात ठेवली.

शेजाऱ्यांची काळजी वेगळीच. द्राक्षाच्या मुळाला मीठ म्हणजे विष. टाकीतलं पाणी थोडं थोडं बदलावं लागतं, ते खारं पाणी जाणार कुठे? ‘डॉगरिज सोसतो म्हणतात,’ असं नाना म्हणत, पण स्वतःच्या वेलीवर त्यांनी एक तांब्यासुद्धा ओतला नाही. शेवटी बांधापासून लांब एक खड्डा खणला, आत प्लास्टिक अंथरलं. वणीच्या इतिहासातलं हे पहिलं मिठागर असावं.

मग टाकी पिकायला ठेवली. माशांच्या विष्ठेतला अमोनिया विषारी असतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. युरिया टाकण्यात ज्याची हयात गेली त्याला हे निराळं सांगावं लागत नाही. पण टाकीत मासा नसेल तर जिवाणू उपाशी मरतात. म्हणून नाना रोज सकाळी रिकाम्या टाकीत चिमूटभर गोठवलेली कोळंबी टाकत. आंघोळ, देवपूजा, मग टाकीला नैवेद्य. बघायला येणाऱ्यांची रीघ लागली, कारण गडावर जाणारे पाहुणे ओघाने मळ्यावरही येतात. नाना त्यांना टाकीसमोर उभं करत, आतल्या प्लास्टिकच्या गवतावर टॉर्चचा झोत टाकत. "इथे तो शेपूट गुंडाळेल. मादी बहुतेक त्या बाजूला." पाहुणे माना डोलवत. एक आजीबाई हात जोडून गेल्या.

तापमानाचं प्रकरण मी थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की मला वीजबिल आठवतं, माझं नव्हे तरीही. या प्राण्याला पंचवीसच्या आतलं पाणी मानवतं, जास्त उबेत रोगजंतू फोफावतात. वणीतला एप्रिल कुणाला विचारत नाही. चिलर आला, चिलरसाठी इन्व्हर्टर आला, इन्व्हर्टर किती तास टिकतो हे बघायला नाना रात्रभर जागले. दिवे गेलेच नाहीत. त्या रात्रीइतका निराश झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

खाण्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं. किंबहुना हे घोडं पेंड खात नव्हतं हीच अडचण. समुद्रातून पकडून आणलेला समुद्रघोडा हलतं, जिवंत खाणं लागतं म्हणून हटून बसतो. बाजारात पोचेपर्यंत तो आधीच उपाशी, त्यात अंगावर परजीवी. टाकीत जन्मलेला आणि लहानपणापासून गोठवलेल्या मायसिसवर वाढलेला असला तरच घरात टिकतो. मायसिस म्हणजे नखाएवढी कोळंबी. माई तिला सरळ जवळा म्हणतात. हा जवळा फ्रिजरमध्ये मटारशेजारी राहत असे. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी माईंनी फ्रिजर उघडला. वणीसारख्या देवीच्या गावात, घरात घट बसायच्या तयारीत, आणि शीतकपाटात जवळ्याची पाकिटं. "अहो, हा कुणासाठी? अजून आलाच नाही ना तो?" नाना म्हणाले, "आला की तो खातो की नाही हे बघावं लागेल." तडजोड अशी झाली की नऊ दिवस जवळा शेजारच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेला. तिथल्या मॅनेजरने द्राक्षाच्या पेट्यांचा वास बदलेल म्हणून हरकत घेतली, पण नानांनी वासाबद्दल विचारायला सुरुवात केल्यावर त्याने काही न बोलता पाकिटं आत ठेवली.

याच सुमारास धाकटीसाठी कॅनडाचं एक स्थळ आलं. व्हिडिओ कॉलवर मुलगा दिसला. नानांच्या डोक्यात दिवसरात्र एकच विषय. त्यांनी विचारलं, "गोठवलेलं खायची सवय आहे ना?" मुलगा म्हणाला, "हो, आठवडाभर तेच असतं." नाना खूश झाले. धाकटीने मात्र स्थळ नाकारलं.

अखेर नाना खरेदीला निघाले. खरेदीला म्हणजे चौकशीला, मी सोबत. मुंबईत मासेवाल्यांची एकेक गल्ली आम्ही घासून काढली. क्लाउनफिश होते, स्टारफिश होते, समुद्रघोड्याचं नाव काढलं की दुकानदार दुसरीकडे बघत. शेवटी एकाने आम्हाला आत घेतलं, पडदा ओढला आणि हळू आवाजात म्हणाला, "मिळेल." नानांनी सुरू केलं. टाकीत जन्मलेला की पकडलेला? कितवी पिढी? नर-मादी एकाच वेतातले तर नाहीत ना? दोन्ही डोळे फिरतात का? शेपूट खुंट धरते का? शेपटीवर बुडबुडा आलेला नाही ना, कारण तो रोग असतो. पोट आत गेलेलं नको. गोठवलेलं माझ्यासमोर खाऊन दाखवेल का? दुकानदार प्रत्येक प्रश्नाला ‘एकदम ओरिजिनल’ असं उत्तर देत होता. मग नानांनी शेवटचा प्रश्न विचारला, "बिल कसं देणार? जीएसटी किती?"

"याचं बिल नसतं, काका."

नाना उभेच राहिले. आयुष्यात बिल नसलेली गोष्ट त्यांनी घेतली नव्हती, कारण आयुष्यात त्यांनी गोष्टच घेतली नव्हती. पण तत्त्व होतं. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत एकच प्रश्न विचारला: बिल का नसतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही वन खात्याच्या कचेरीत. टेबलापलीकडे तिशीतल्या एक अधिकारी बाई. नानांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "दुकान कुठलं? तुम्ही कधी गेलात? प्रत्यक्ष प्राणी पाहिला की नुसता शब्द? किती होते? पैसे दिलेत का? सोबत कोण होतं?" शेवटच्या प्रश्नाला मी खुर्ची थोडी मागे घेतली. नाना पहिल्यांदा गडबडले, मग सावरले, मग त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज यायला लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलेल्या माणसाला कुणीतरी मनापासून विचारत होतं.

बाईंनी मग कायदा सांगितला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली समुद्रघोड्याचं अख्खं कुळ घातलं. म्हणजे पट्टेवाला वाघ ज्या यादीत त्याच यादीत तुमचा वीतभर मासा. कारण ट्रॉलरच्या जाळ्यात ते ढिगाने यायचे आणि वाळवून औषधासाठी चीनकडे जायचे. पकडणं, विकणं, बाळगणं, सगळा गुन्हा. २००४ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराचं बंधन.

"पण टाकीत जन्मलेला?" नाना.

"कायद्यातल्या ‘बंदिस्त प्राणी’च्या व्याख्येत बंदिवासात पैदास झालेलाही येतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "वाघाचा बछडा तुमच्या मळ्यात जन्मला तर तो द्राक्ष होत नाही."

बाहेर आल्यावर नाना बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, खचले. चिलर, इन्व्हर्टर, मिठागर, सगळं पाण्यात. मग म्हणाले, "बाईंना विचारता येतं." वणीत एवढी मोठी पदवी त्यांनी आजवर कुणाला दिलेली नाही, जावयांनासुद्धा.

आणि मग जे व्हायचं नव्हतं तेच झालं. नाना फुलले. घेण्याची शक्यताच संपली होती, आता चौकशीला कसलंच कुंपण उरलं नाही. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या केरळातल्या विळिंजमच्या केंद्रात समुद्रघोड्यांच्या पैदाशीचे प्रयोग झालेत हे त्यांनी शोधलं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं, त्याच्या बंद-चालू असण्याचा मागोवा त्यांनी आप्तेष्टाच्या तब्येतीसारखा ठेवला. हवाई बेटांवर कोना गावाजवळ ओशन रायडर नावाची समुद्रघोड्यांची शेती १९९८ पासून चालते, हे कळल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण चवीने जेवले नाहीत. शेती! प्लॉट, नोंद, पिढी, सगळं असणार. तिथला घोडा गोठवलेलं खाऊनच मोठा होतो आणि विमानाने अमेरिकेत घरपोच येतो. बिलासकट.

अमेरिकेत नानांचा भाचा आहे, न्यू जर्सीत. गरीब बिचारा. त्याने एकदा फोनवर सहज म्हटलं की मुलाला काहीतरी पाळायचंय, मांजर म्हणतोय. मांजर राहिलं. पुढचे तीन महिने रोज सकाळी सातला, म्हणजे त्याच्या रात्री, मळ्यावरून फोन. टाकी किती उंच? प्रवाह जोराचा तर नाही? टाकीत डंख मारणारी पोवळी ठेवलीस का? भाच्याने सगळं केलं, आणि एका बुधवारी हवाईहून खोका आला. खोका उघडताना नाना व्हिडिओवर होते. आत पाण्याच्या पिशवीत दोन घोडे, शेपट्या एकमेकांच्या मानेत. भाच्याने मायसिस टाकला. नराने एक डोळा फिरवला, तोंडाची नळी रोखली, आणि ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन कोळंबी गायब. नाना ओरडले, "खातो!" मळ्यावरचे गडी पळत आले.

महिन्याभरात नराच्या पोटावरची पिशवी फुगली. मादी त्यात अंडी घालते, सांभाळतो तो, आणि दोन-चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर टाकतोही तोच. हे कळल्यावर माई प्रथमच टाकीच्या विषयात पडल्या. फोन हातात घेऊन त्यांनी नराला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "असू दे. रात्री त्यालाच उठवा."

पण उठला भाचा. सेंटिमीटरभराची शेकडो पिल्लं, जठर नाही म्हणून खाणं सारखं सारखं, आणि खायला जिवंत आर्टेमिया. शीतपेयाच्या उलट्या बाटलीत खारं पाणी, खालून हवेचे बुडबुडे. चोवीस तासांनी तळाशी केशरी धूर दिसायला लागतो, तो धूर म्हणजे आर्टेमियाची जिवंत पिल्लं, दिवा धरला की उजेडाकडे धावतात. नानांनी तेच इकडे स्वतःच्या रिकाम्या टाकीशेजारी उबवून दाखवलं, भाच्याला धीर म्हणून. समुद्रघोड्याच्या शेकडा पिल्लांतलं समुद्रात एखादंही जगणं मुश्कील. भाच्याची काही डझन जगली. तेवढ्याने त्याची नोकरी जाता जाता राहिली.

आता इतके घोडे ठेवायचे कुठे? भाच्याने दोन जोड्या विकायला काढल्या. ओहायोच्या एका गृहस्थाने चौकशी केली, पैसे द्यायची तयारी दाखवली. भाच्याने सौजन्य म्हणून नानांना कळवलं, आणि नंबरही दिला, ही त्याची चूक.

त्या गृहस्थाला वणीहून व्हिडिओ कॉल गेला. दुभाषा म्हणून ऑडिटर जावई. टाकी किती महिने पिकवली? वीज गेली तर किती तास निभेल? तापमानाची रोजची नोंद दाखवा. सोबत वेगाने पोहणारे मासे नाहीत ना, ते खाणं पळवतात. घरी दिवसभर कोण असतं? पत्नीला हे पसंत आहे का, तिला बोलवा. पत्नी आली. तिला नानांनी विचारलं, फ्रिजरमध्ये जवळा चालेल का, आणि सणाच्या दिवशी? जावयांनी प्रत्येक प्रश्नाचं भाषांतर करताना आपले दोन प्रश्न त्यात घातले. दीड तासाने ओहायोवाल्याने नम्रपणे सांगितलं, की त्यांनी मांजर घ्यायचं ठरवलंय.

नानांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं. माणूस चौकस नव्हता."